लंडनहून आलेलं पत्र

हर्डीकर सर मोठे झाले, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांना मोठं होताना अगदी जवळून पाहिलंय, आणि तो प्रकार मला मुळीच आवडलेला नाही.

गोपाळकृष्ण हर्डीकर तीन वर्षं माद्रिदला शिकून आले. स्पॅनिश साहित्य शिकवणारा आपल्या इलाख्यात दुसरा माणूस नव्हता. वर्गात आम्ही चौघं. त्यातले दोघे पंख्याच्या वाऱ्यासाठी यायचे. तरी सर असे शिकवायचे की घंटा झालेली कळायची नाही. एखादी कविता आली की पुस्तक मिटून ती तोंडपाठ म्हणायचे. "चंद्रिके, माणसानं नियमाला भ्यायचं नसतं गं," असं सांगायचे. मी तळेगावच्या शाळामास्तरांची पोर, भारावून गेले. त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली स्पॅनिश नाटकांवर एम.ए.चा प्रबंध घेतला आणि चार वर्षं त्यात घातली.

मग सर विद्यापीठाचे रजिस्ट्रार झाले. झालं! नाटकांची पुस्तकं माळ्यावर गेली, मेजावर फायली आल्या. 'साहेब' म्हटल्याशिवाय मान वर होईना. कोणत्या अर्जाला किती महिने उत्तर द्यायचं नाही, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

माझा प्रबंध त्याच मेजावर दीड वर्ष पडून होता. बाहेरचा परीक्षक हवा, आणि तो माद्रिदचा ठरलेला. तिकडे युद्ध पेटलेलं. त्या बिचाऱ्याचं घर तरी उभं होतं का, देव जाणे. साहेब आपले दर तीन महिन्यांनी त्याला स्मरणपत्र धाडत. इकडे मुलींच्या एका कॉलेजात मला जागा मिळाली होती, पण पंधरा जूनच्या आत पदवी हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबा त्याच वर्षी निवृत्त होणार होते, आणि घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी मीच लंडनच्या एका स्पॅनिशच्या प्राध्यापकांना पत्र घातलं. चांगलं सहा पानी, स्पॅनिशमध्ये. त्यांचं उत्तर आलं: प्रबंध पाठवा, आठवड्यात तपासून देतो. मी ते पत्र घेऊन घरभर नाचले.

हा एकोणीसशे अडतीसचा मे. साहेब फायलींसकट लोणावळ्याच्या बंगल्यात हवापालटाला गेलेले. मी सकाळच्या गाडीनं तिथं पोचले. व्हरांड्यात बंगला सांभाळणाऱ्या झुंबरबाई होत्या, जवळच्याच बेडसे गावच्या. म्हणाल्या, "बसा ताई. सायेब सकाळधरनं सह्याच करत्यात. च्या दोनदा ऊन केला म्या, तरी घोट न्हाई घेतला. कागदानंच प्वाट भरतंय जनू."

दीड तासानं आत बोलावणं आलं. "बसा," म्हणाले. चंद्रिका नाही, तू नाही. बसा! मी पत्र पुढं ठेवलं. "सर, परीक्षक मिळाले. तुमची एक सही झाली की प्रबंध विमानाच्या टपालानं लगेच जाईल."

त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग शांतपणे विचारलं, "यांना तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो तर! सहा पानं!" मी मूर्ख, शाबासकीच्या आशेनं बोलून गेले.

"उमेदवारानं परीक्षकाशी परस्पर संपर्क साधला तर प्रबंध रद्द होतो."

"अहो, पण ते अजून परीक्षक झालेत कुठं?"

"होऊ शकले असते. आता नाही होऊ शकत."

असा संताप आला म्हणून सांगू! "मग तुम्ही तपासा! इलाख्यात तुमच्याशिवाय ही भाषा कोणाला येते?" मी ओरडलेच. "माझी नोकरी जातेय, सर. तुम्हीच मला या वाटेला लावलंत ना?"

"मार्गदर्शकाला परीक्षक होता येत नाही," एवढंच म्हणाले, आणि लाल पेन्सिल उचलली.

पत्राच्या शेवटी त्या लंडनच्या भल्या माणसानं लिहिलं होतं, "इतकी सुंदर भाषा तुम्हाला ज्यांनी शिकवली, त्या गुरूंना माझा नमस्कार कळवा." सरांची पेन्सिल नेमकी त्या ओळीपाशी थांबली. मला वाटलं, आता तरी. मग त्यांनी त्या ओळीखाली सरळ रेघ ओढली, समासात 'परस्पर संपर्काचा पुरावा' असं लिहिलं, आणि पत्र फायलीला टाचून टाकलं.