बारदाना वजा तीस किलो

ओमेशला मस्कतमध्ये मुलगी झाली, ही बातमी गोंदियाजवळच्या मुर्री गावात पोचली तेव्हा शकुंतलाबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. सुनेची, म्हणजे रुचीची, आई चार वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हा फोनवर ओमेशनं सरळच विचारलं, "माय, तू येशील का? सव्वा महिन्यानं बारसं करू. तू आल्याबिगर नाही."

शकुंतलाबाईंनी तोंडानं हो म्हणायच्या आधीच मनात सामान भरायला घेतलं. आणि त्या मनातल्या सामानात पहिली वस्तू ठेवली ती लोढा.

लोढा म्हणजे पाट्यावर वाटायचा वरवंटा. काळा, गुळगुळीत, मधोमध हातांनी झिजून थोडा बारीक झालेला. मिक्सर आल्यापासून पाटा मागच्या भिंतीला टेकून होता, पण लोढा घरातच असे, देवाच्या कोनाड्याखाली. या घरात मूल पाळण्यात घालायच्या आधी लोढ्याला न्हाऊ घालायचं, टोपडं चढवायचं, पाळण्याखालून एकीनं दुसरीच्या हातात द्यायचा, मग पाळण्यात निजवायचा. त्याच्यामागून मूल. पोर दगडासारखं टणक व्हावं, जागेवर टिकावं. शकुंतलाबाईंचे यजमान केशोराव त्याच लोढ्यामागून पाळण्यात गेले, त्यांचे वडीलही, आणि त्यांची मुलं नीतू नि ओमेशसुद्धा. आता ओमेशची पोर दुसऱ्याच कुठल्या दगडामागून जावी, हे शकुंतलाबाईंना कल्पनेतही जमत नव्हतं.

"गोटा नेऊन राहिली तू परदेशात?" केशोरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "तिकडं डोंगरच डोंगर आहेत म्हणते ओमेश. एक गोटा कमी पडला का त्याईले?"

"डोंगरानं तुमचं बारसं झालं होतं का?"

केशोरावांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

तिकिटाचं काम नीतूकडे होतं. ती गोंदियात राहायची, मोबाईलवर सगळं जमायचं तिला. रविवारी ती आली आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

"तीन वाटा आहेत, माय. बिरसीहून विमान हैदराबादले, तिथून दुसऱ्या तिकिटावर मस्कत. घरून अर्ध्या तासावर विमानतळ. पण पंधराच किलो नेता येते."

"पंधरा किलोत तं नुसते लाडू नि लोढा."

"नागपूरहून जाशील तं वीस. त्याच्यावरच्या किलोले असे पैसे लावतात का लाडू सोन्याचे पडतील. तिसरी वाट, गाडीनं मुंबई नि तिथून विमान. तीस किलो, वर हातातले सात. गाडीत कोणी तोलून पाहत नाही. सगळ्यात सस्तं हेच. फक्त रातभर हाडं हलतील."

"हाडं इथंबी हलूनच राहिली," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तेच काढ."

"आणि खसखस टाकू नको लाडवात. तिकडं चालत नाही. पकडतात."

"खसखशीले पकडतात?"

"पकडतात, माय. जेल होते."

खसखशीसाठी तुरुंग असणाऱ्या देशात जायचं म्हणून शकुंतलाबाईंना पहिल्यांदाच थोडी धास्ती वाटली. मग त्यांनी खसखस बरणीत परत ओतली नि डिंक थोडा जास्त घेतला.

पुढचे पंधरा दिवस सामान जमत गेलं. लाडू चार किलो. जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या. लाखोरीच्या वड्या, जवसाची चटणी, बाळंतिणीला शेकायचा ओवा. आणि तांदूळ. तो केशोरावांचा. स्वतःच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, स्वतःच्या मिलमध्ये काढलेला, अजून कोणी न खाल्लेला नवा तांदूळ दहा किलो. केशोरावांना जाता येणार नव्हतं. हंगाम होता, मुर्रीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या लहानशा मिलपुढे धानाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर लागलेले. "मी नाही तं माहा चावल तरी जाईल," एवढंच ते म्हणाले होते, पण तांदूळ निवडायला स्वतः बसले होते. तीन संध्याकाळी. शकुंतलाबाईंनी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

हातातल्या सात किलोत शकुंतलाबाईंचे कपडेच बसले; बाकीचं सगळं बसवायला ओमेशच्याच लग्नातली मोठी पेटी काढली. टणक, चाकांची, कोपऱ्यांना पत्रा मारलेली. निघायच्या आदल्या दिवशी केशोराव ती मिलमध्ये घेऊन गेले, धान तोलायच्या काट्यावर चढवली, उतरवली, काही काढलं, काही घातलं, आणि संध्याकाळी विजयी मुद्रेनं परत आले.

"तीस. वर एक ग्रॅम नाही नि खाली एक ग्रॅम नाही."

"बरोबर तोललं ना, बाबा?" नीतूनं फोनवर विचारलं.

"पन्नास वर्षं झाली तोलून राहिलो, पोरी. तू मले शिकवू नको."

दुपारच्या गाडीनं दोघं निघाले. केशोराव पोचवायला मुंबईपर्यंत येणार होते नि त्याच दिवशीच्या गाडीनं परतणार होते. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत कुठंही जाताना असायचंच ते होतं: बसायला घडी केलेला एक रिकामा कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, सुतळीचं बिंडल आणि कागदात गुंडाळलेलं दाभण. मिलवाल्याच्या पिशवीत याहून वेगळं काय असणार?

डब्यात रात्री शकुंतलाबाईंना झोप लागली नाही, पण वाईटही वाटलं नाही. गाडीच्या आवाजात त्यांना दुसऱ्याच एका गाडीचा आवाज ऐकू येत होता. गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी जुनी छोटी लाईन. सायकलवाला शर्यत लावून जिंकेल अशी ती गाडी. नीतूच्या वेळी त्या माहेरी वाराशिवनीला होत्या, आणि बारशाच्या आदल्या दिवशी केशोराव त्या गाडीतून उतरले होते. पंचवीस-सव्वीस वर्षांचे, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर सुतळीनं शिवलेला कट्टा. त्यांच्या आईनं पाठवला होता. शकुंतलाबाईंच्या भावांना वाटलं, जावयानं मिठाई आणली. उघडलं तर आत लोढा. "जावई, दात पाडता का आमचे, गोटा खाऊ घालून राहिले?" भाऊ दिवसभर हसत होते. आणि केशोराव कान लाल करून म्हणाले होते, "मी तं नाहीच म्हणत होतो. मायनं ऐकलं नाही."

मुंबईला सकाळी दादरला उतरून टॅक्सीनं विमानतळ गाठला. दाराशीच केशोरावांना थांबावं लागलं. तिकीट असणाऱ्यालाच आत सोडत होते.

"जा. मी इथंच आहे खांबापाशी. विमान उडालं म्हणजे जातो."

"उडालेलं तुमाले काय दिसणार इथून?"

"नाही दिसलं तं नाही दिसलं."

आत एका मुलानं पेटी पट्ट्यावर चढवून दिली. काउंटरवरच्या मुलीनं आकड्याकडे पाहिलं, मग शकुंतलाबाईंकडे.

"आजी, पस्तीस किलो आहे. पाच जास्त."

"नाही बाई. तीस आहे. मिलमध्ये तोललं."

मुलीनं आकडा त्यांच्याकडे वळवला. पस्तीस. वर थोडे ग्रॅमही. शकुंतलाबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. धान तोलताना कट्ट्याचं वजन धरत नाहीत. बारदाना वजा करतात, मगच आकडा सांगतात. केशोरावांनी आयुष्यात कधी बारदान्यासकट वजन सांगितलं नव्हतं. रिकामी पेटी त्यांनी आधी तोलली असणार आणि तिचे पाच किलो इमानदारीनं वजा केले असणार.

"जास्तीचे पैसे भरता येतात," मुलगी म्हणाली आणि रक्कम सांगितली. ती ऐकून शकुंतलाबाईंनी नको म्हणून मान हलवली. "मग काहीतरी काढावं लागेल, आजी. काय काय आहे?"

त्यांनी सांगितलं. लोढ्याचं नाव ऐकून मुलगी थांबली. "दगड? मग तो काढा ना. प्रश्नच मिटला."

तिचं बोलणं वाईट नव्हतं. साडेतीन किलोचा दगड, वर लाडवांचा एक डबा, की झालं. शकुंतलाबाईंनी पेटी ढकलगाडीवर ठेवून घेतली आणि परत दाराकडे निघाल्या. दारावरच्या शिपायाला तिकीट दाखवून म्हणाल्या, "बेटा, मेरे आदमी बाहर खडे हैं. सामान देके आती हूँ." गोंदियाची हिंदी त्याला कळली. त्यानं त्यांना बाहेर सोडलं, लवकर या म्हणाला.

केशोराव खांबापाशी कट्टा पसरून बसले होते. बायकोला पेटीसकट परत येताना पाहून ते एकदम उठले.

"काऊन? काय झालं?"

"तुमी बारदाना वजा केला."

  मग पन्नास वर्षं तोलणारा तो माणूस पेटीपुढे गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिची कुलपं उघडली. शकुंतलाबाईंना वाटलं, आता लोढा काढणार. इतके दिवस गोटा, गोटा करत होते, आता हातात कारणच सापडलं. त्यांनी मनाची तयारी केली. बारसं होईलच. तिथं कुणाकडून वरवंटा मागून आणू.

केशोरावांनी गोधडीखाली हात घातला आणि तांदळाची पिशवी बाहेर ओढली.

"हे काढ. अर्धे काढ. चावल तं तिकडंबी भेटते."

"आणि लोढा?"

"लोढा कायले काढतं? तो कुठं भेटल तिकडं?"

शकुंतलाबाईंनी तांदळाच्या पिशवीकडे पाहिलं. तोंड केशोरावांनीच बांधलेलं, दुहेरी गाठीचं. मग पेटीकडे पाहिलं, पत्र्याच्या कोपऱ्यांकडे. आणि मग त्यांची नजर खांबापाशी पसरलेल्या कट्ट्यावर गेली.

"अवो," त्या म्हणाल्या, "हा कट्टा किती भरते?"

"कोणता? हा? शंभर-सव्वाशे ग्रॅम."

"मग पेटीच काढा ना."

केशोरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग एकदम सगळं आलं.

"विमानात कट्टा?"

"छोट्या लाईननं नाही का आणला होता तुमी वाराशिवनीले? तुमचा कट्टा फाटला होता का?"

"माहा कट्टा आजवर फाटला नाही," केशोराव म्हणाले, आणि पिशवीतून दाभण काढलं.

मग दोघं त्या चकचकीत फरशीवर बसली. तळाला एक गोधडी, मध्ये लोढा, त्याच्या बाजूंनी तांदूळ, वर लाडवांचे डबे, ओवा, वड्या, आणि सगळ्यावर दुसरी गोधडी. केशोरावांनी तोंड दुमडून घेतलं, सुतळी तिपदरी केली, आणि जसे मिलमध्ये बसत तसे एक पाय पसरून शिवायला लागले. दोन्ही कोपऱ्यांना धरायला कान काढले. येणारे-जाणारे बघत होते. एका साहेबी कपड्यांतल्या बाईनं पोराला हात धरून लांबून नेलं.

"पाहून राहिले सगळे," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"पाहू दे. टाका फुकटात शिकून राहिले."

आकडा या वेळी तीस नि वर थोडे ग्रॅम आला; तेवढे चालत होते. काउंटरवरची मुलगी हसली, कट्ट्याला चिठ्ठी लावली, आणि फाटला तर आमच्याकडे मागू नका, या कागदावर सही मागितली. शकुंतलाबाईंनी बिनधास्त केली.

मस्कतला पट्ट्यावरून एकामागून एक पेट्या आल्या आणि त्यांच्यात तो कट्टा आला, कान वर करून. शकुंतलाबाईंनी तो लांबूनच ओळखला. दाराबाहेर ओमेश उभा होता. गाडीवरचा कट्टा पाहून आधी तो इकडंतिकडं बघायला लागला. मग जवळ आला, वाकला, आणि त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं.

"बाबाचा टाका," एवढंच तो म्हणाला.

घरी तो कात्री घेऊन आला तेव्हा शकुंतलाबाईंनी त्याचा हात धरला. "कापू नको. टोकाची गाठ सोड नि ओढ. विसरलास का मिलमधलं?" त्यानं गाठ सोडली, ओढलं, आणि सगळी सुतळी अखंड हातात आली.

बारशाच्या दिवशी लोढ्याला न्हाऊ घातलं, टोपडं चढवलं. पाळण्याखालून शकुंतलाबाईंनी तो रुचीच्या शेजारणीच्या हातात दिला. ती केरळची होती, पण दगडाला टोपडं घातलेलं पाहून तिला हसू आलं नाही. दोन्ही हातांनी जपून घेतला तिनं. त्याच्यामागून पोर पाळण्यात गेली आणि तिचं नाव रेणू ठेवलं. दुकानातून आणलेल्या त्या पाळण्याला ओढायला दोरीच नव्हती, तेव्हा शकुंतलाबाईंनी तीच सुतळी वळून बांधली.

फोनच्या पडद्यावर केशोरावांचा नुसता चष्मा नि कपाळ दिसत होतं. मागं मिलची घरघर चालू होती.

"कट्टा फाटला नाही ना?"

"नाही."

"मग जपून ठेव. येताना लोढा आणायचा आहे."