चाखायचा चमचा

पहिल्या घाण्याचं ड्रेसिंग हाताखालच्या दर्शनाने चाखलं आणि खालचा ओठ बाहेर काढला. म्हणजे मीठ कमी. वनमालाताईंनी स्वतःही चाखल्यासारखं केलं, मान हलवली आणि अर्धा चमचा मीठ टाकलं.

घाटकोपरचं ते सॅलडचं किचन सहा वर्षं वनमालाताईंच्या जिभेवर चाललं होतं. लाल मिरची, लसूण, भाजलेले तीळ, दही, लिंबू. गिऱ्हाईक ते ड्रेसिंग मोडाच्या मुगावर, काकडीवर घेई. ताई घरी तेच बांगड्याला चोळून तव्यावर टाकत. "चटणीच गो ती, वर कोट चढवलाय," म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. तिखट तेवढं कळे, कारण ते भाजतं. मीठ नाही, आंबट नाही. हे कळलं तर काम जाणार, म्हणून ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दर्शनानेही विचारलं नव्हतं. फक्त चाखताना तिचा चेहरा हल्ली फार बोलका झाला होता.

त्या दिवशी मालकाने, सौरभने, आहारतज्ज्ञ आणली. तेजल तिचं नाव. अंधेरीच्या एका ऑफिसला बीपीवाल्यांसाठी ड्रेसिंग हवं होतं. तिखट-आंबट नीट जमलं की मीठ निम्म्यावर आणता येतं, दही घट्ट असलं की तेलही कमी लागतं, असं ती समजावत होती. त्याआधी तिने सगळ्यांना मास्क वाटले होते.

वाडगं तिने स्वतःच कालवलं. दर्शनाने चाखलं आणि मास्क वर ओढला. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. नुसते डोळे. त्यांत पाणी होतं, पण ते मिरचीचं.

ताईंनी चाखलं. जीभ भाजली.

"मीठ कसं वाटतंय, मावशी?"

"पुरे आता. जास्त नको."

तेजल गोंधळली. "अजून घातलंच नाहीये."

सौरभने ते ऐकलं. दुपारी तो ताईंशी बोलला, तेही फार प्रेमाने. उद्यापासून पाला निवडा, बसून काम होईल, जिवाला आराम पडेल. ताई बरं म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी घरून आणलेला आपला स्टीलचा चमचा त्यांनी घासला, पुसला आणि दर्शनापुढे धरला. ती घेईना.

"घे गो. मी काय, नुसता धरून होते."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मास्क हनुवटीवर आले होते. दर्शनाने पहिला घाणा चाखला, सवयीने खालचा ओठ बाहेर काढला आणि पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं.

ताई लेट्यूसची पानं सुटी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दर्शना तशीच, ओठ काढून, थोडा वेळ उभी राहिली. मग तिने स्वतःच मीठ टाकलं.