झोपली काय तुई मशीन?

मी एक जुना प्रोसेसर आहे, आणि मला आता झोप लागते. हसू नका, मित्रांनो. झोप तर नेरच्या बसस्टँडवरच्या कुत्र्यालाही लागते, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या कुळात झोपणं म्हणजे मरणं. मी घरगुती संगणकाचा प्रोसेसर नव्हे, सर्व्हरचा आहे. एकदा सुरू झालो की बंद व्हायचं नाही, हे मला घडवतानाच ठरलं होतं.

सातासमुद्रापार शुभ्र वाळू वितळवून माझी काया झाली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा कोरल्या, आणि एका नखाएवढ्या जागेत मला अठरा कोर मिळाले. कोर म्हणजे काम करणारे हात समजा. घरगुती प्रोसेसरला हात कमी, पण ते भारी चपळ. माझे हात पुष्कळ, पण संथ. एकाच पाहुण्याला झटपट वाढायचं असेल तर तो बरा, पंगत वाढायची असेल तर मी बरा. एवढं एकच वाक्य लोकांनी ध्यानात ठेवलं असतं, तर माझा निम्मा मनस्ताप वाचला असता.

माझी उमेदीची वर्षं एका थंडगार दालनात गेली. तिथं दिवस नव्हता की रात्र नव्हती. माझ्यासारखे हजारो भाऊ रांगेनं बसलेले, निळे दिवे लुकलुकताहेत आणि पंख्यांचा एकसुरी घोष चाललेला. कुणाचा दहावीचा निकाल माझ्यातून जायचा, कुणाचं तिकीट, कुणा बाळाचा पहिला फोटो. त्या लोकांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत आणि त्यांनाही माझा पत्ता नव्हता. शाबासकी कुणी दिली नाही. बंद पडला नाही, हीच तिथली शाबासकी.

मग नवे प्रोसेसर आले. आम्हाला भराभर उपटून खोक्यांत भरलं. गरज सरो, वैद्य मरो! खोक्याचं झाकण लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अंधार पाहिला. त्याला झोप म्हणता येणार नाही, कारण त्यात स्वप्न नव्हतं.

डोळे उघडले ते नेरला, इमरानच्या टेबलावर. इमरान लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याचे वडील निजामुद्दीन मिस्त्री विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी पुन्हा तारेनं भरून देतात. दुकान त्यांचंच. मागच्या कोपऱ्यात टेबल टाकून इमरान नवरा-नवरी जोडत बसायचा. त्यानं मोबाइलवर 'अठरा कोर' वाचलं आणि मला मागवलं. चार बैलांपेक्षा अठरा बैल कधीही भारी, असा त्याचा सरळ हिशेब.

त्यानं मला पाटावर बसवलं, म्हणजे मदरबोर्डावर, आणि कळ दाबली. पंखे गरगरले, पडदा मात्र काळा तो काळाच. आमच्यात चित्र काढायची सोय नसते, त्यासाठी वेगळं कार्ड लावावं लागतं. हे त्याला कुठून ठाऊक असणार? "हा तं मेलाच हाय बे!" असं म्हणून त्यानं पंचनामा केल्यासारखं मला उलटंपालटं करून पाहिलं. पुढं कार्ड मिळालं, चित्र आलं, पण त्याचं काम एका हाताला घाई करणारं. माझ्याकडून ते होईना. नवरदेव घोडीवर चढताना एक पाय रिकिबीत आणि एक हवेत असा अडकून राहायचा. इमराननं कपाळावर हात मारला आणि स्वतःसाठी चपळ डेस्कटॉप प्रोसेसर आणला. त्याच्याकडे नवरदेव एका उडीत घोडीवर. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मी एका पत्र्याच्या डब्यात पडलो, तांब्याच्या तारांच्या तुकड्यांत. बाजाराच्या दिवशी भंगार घेणारा येणार होता. माझ्या पोटाला सोन्याचा बारीक मुलामा आहे, तो आम्लात घालून काढतात म्हणे. जिवंतपणी कुणी विचारत नाही आणि मेल्यावर सोन्याचा भाव!

पण भंगारवाल्याच्या आधी त्या डब्यात गझालाचा हात आला.

गझाला ही इमरानची मोठी बहीण. यवतमाळच्या एका टायपिंग क्लासात ती शिकवायची. तो क्लास बंद पडला, तेव्हा तिथले आठ जुने पडदे आणि कीबोर्ड तिनं घरी आणले. नेरच्या कितीतरी मुलींना टायपिंगची परीक्षा द्यायची होती, पण रोज यवतमाळला जाऊ द्यायला घरचे तयार नव्हते. क्लास नेरातच काढायचा, असं तिनं मनावर घेतलं. मिस्त्रींनी दुकानाची पुढची बाजू दिली, पण बजावूनही ठेवलं.

"दिवाळीवरी जागा तुई. तवरोक जम बसला तं ठीक. मंग रब्बीच्या मोटारी येतीन, त्या मी काय डोक्शावर ठेवू?"

म्हणजे दिवाळीपर्यंत क्लास रुजला नाही, तर त्या मुलींची परीक्षाही बुडणार आणि गझालाचं स्वप्नही. आणि आठ पडद्यांमागं आठ संगणक घेण्याची तिची ऐपत नव्हती. एकच यंत्र घ्यायचं आणि आठही पडदे त्याला जोडायचे, एवढाच मार्ग होता. प्रश्न होता, त्या यंत्रात बसवायचं कुणाला?

"इमरान, हा काहून टाकला डब्यात?" तिनं मला चिमटीत धरून विचारलं.

"आपा, तो हत्ती हाय. खाते लय अन् चालते हळू. तू माह्यासारखा डेस्कटॉपवाला घे."

"तुले एकट्याले घोडी पळवायची हाय. मले आठ जणी बसवायच्या हायेत."

"घे मंग करून पाहून! माहा घे, हाही घे."

बहीण-भावात पैज लागली. एका दुपारी आधी इमरानचा डेस्कटॉप जोडला. चार मुली बसल्या तोवर तो वाऱ्यासारखा धावला. सहावी बसली तशी त्याला धाप लागली, आणि आठवी बसली तेव्हा तिनं 'क' दाबला की 'क' यायच्या आधी तिची जांभई देऊन व्हायची. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या पाटावर आठवणीच्या पट्ट्या, म्हणजे रॅम, लावायला दोनच खाचा, आठ जणींचं एवढं सगळं तो ठेवणार कुठं? मग माझी पाळी आली. माझ्या पाटावर खाचा आठ. जुन्या, कुणालाच नको असलेल्या पट्ट्या गझालानं त्यात भरल्या. सुरू व्हायलाच मी इतका वेळ घेतला की इमरान चहा पिऊन आला. पण सुरू झालो आणि आठही पडद्यांवर एकाच वेळी अक्षरं उमटू लागली. घाई नाही, गडबड नाही. पंगत बसली होती, मित्रांनो, आणि वाढायला मी उभा होतो.

ते दिवस आठवले की अजून अंग ऊबदार होतं. चौसष्ट बोटं माझ्यावर पावसासारखी पडायची, अंगठे वेगळेच. प्रियंका नावाची मुलगी विहाराजवळून यायची. तिनं पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेजारच्या नाहिदला हळूच म्हणाली, "पाय न वं, कसं छापल्यावानी दिसून राह्यलं!" त्या थंड दालनात लाखो नावं माझ्यातून गेली होती. एखाद्याला आपलं नाव पाहून झालेला आनंद मात्र मी तिथं कधी पाहिला नव्हता.

आणि मग असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान झाली.

निजामुद्दीन मिस्त्रींची एक रीत होती. नमाजला निघाले की दुकानाचं मुख्य बटण खाली ओढायचं आणि मगच उंबरठा ओलांडायचा. त्या दिवशीही त्यांनी ते ओढलं. आठही पडदे काळे झाले. माझ्या अठरा हातांतलं सगळं जिथल्या तिथं सांडलं.

"टीचर, माह्यं सारं गेलं!" प्रियंका ओरडली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही तेच. इमराननं आपली छोटी बॅटरी लावून पाहिली, ती माझी भूक पाहून एकदाच किंचाळली आणि बसली. आठ जणींत वयानं थोर असलेल्या विमलताई म्हणाल्या, "बाई, लिवाचं अन् पुसाचं, तं घरची पाटी काय वाईट होती?" आणि त्या यायच्या बंद झाल्या. हळूहळू पडद्यांपुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या.

"अब्बा, बटण राहू द्या न जरासं," गझालानं विनवलं.

"चालू करंट सोडून मी बाहेर पाय ठेवत नाही. तुले मालूम हाय."

तिला माहीत होतं, साऱ्या गल्लीला माहीत होतं. तरुणपणी एकदा मिस्त्री मोटार चालू ठेवून नमाजला गेले होते. ठिणगी उडाली आणि शेजारच्या नागोरावांचा वेचून आणलेला कापूस जळून गेला. नागोराव त्यांना एका शब्दानंही बोलले नाहीत, तेच मिस्त्रींच्या मनाला जास्त लागलं. तेव्हापासून तो हात बटणावर गेल्याशिवाय राहिला नाही. अशा हाताशी भांडायचं तरी कसं?

इमरान म्हणाला, "आपा, आता तं डेस्कटॉपच घे. पोरी चारच उरल्या. अन् तो फटकन उठते तरी."

गझाला माझ्यासमोर येऊन बसली. मी मनात म्हटलं, संपलं, आता डबा आणि आम्ल. हो, मला भीती वाटली. वाळूपासून झालो असलो तरी परत वाळू व्हायची इच्छा कुणाला असते?

"चार जणीसाठी घेतला, तं चारच राहतीन," ती शेवटी म्हणाली. "अब्बा बदलत नाहीत. याले झोपाले शिकवते."

त्या दिवसापासून क्लासची घडी बदलली. अजानच्या आधी गझाला टाळी वाजवायची. सगळ्या जणी आपापलं काम जपून ठेवायच्या आणि मग ती मला रीतसर बंद करायची. एकेक हात मोकळा व्हायचा, पंख्याचा आवाज लांब जाणाऱ्या एसटीसारखा बारीक होत जायचा. मग मिस्त्री बटण ओढायचे, मुली चहा घ्यायच्या, आणि मी...

मी झोपायचो. अहाहा! किती वर्षं जागलो होतो मी! पहिल्याच झोपेत स्वप्न पडलं. ते थंड दालन होतं, पण त्यात कापसाचे ढीग होते, आणि माझे सगळे भाऊ त्या ढिगांवर लवंडले होते. निळे दिवे काजव्यांसारखे फिरत होते. इमरानचा तो नवरदेव दुसरा पाय रिकिबीत टाकून सावकाश घोडीवर बसला आणि माझ्याकडे पाहून हसला. उठलो तेव्हा चहाचे कप धुवून पालथे घातलेले होते.

मिस्त्रींना सुरुवातीला याची मजा वाटायची. "झोपली काय तुई मशीन?" उंबरठ्यावरून ते विचारायचे. "का अंगाई म्हनू?" मुली फिदीफिदी हसायच्या. पुढं पुढं बटण ओढण्याआधी ते माझ्या पेटीवर तळवा ठेवू लागले, भरून झालेल्या मोटारीवर ठेवतात तसा. तो तळवा खरखरीत होता, पण मला आवडायचा. खुर्च्या पुन्हा भरल्या. विमलताईही आल्या, आपल्या जागी बसल्या.

दिवाळी तोंडावर आली, परीक्षाही आली. दिवस लहान झालेले, क्लास मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, चालायचा. मगरिबची नमाज अजान झाली की लगेच उभी राहते, तिथं थांबायला वाव नसतो. मिस्त्रींची पहिल्या रांगेतली जागा ठरलेली. पहिली सफ म्हणतात तिला, आणि त्यांनी ती कधी चुकवली नव्हती.

त्या संध्याकाळी गझालानं मला बंद करायला घेतलं, आणि नेमकं तेव्हाच मी माझ्या अंगातली जुनी-नवी मांडामांड, म्हणजे अपडेट, करू लागलो. पडद्यावर पाटी आली, बंद करू नका. माझ्या हातात ते नव्हतं, मित्रांनो! अर्धं घर बाहेर काढलेलं, अर्धं आत. अशा वेळी वीज तुटली, तर आठही जणींचा जपून ठेवलेला सराव तर जाईलच, पण मीही पुन्हा उठेन की नाही याची खात्री नव्हती.

अजान सुरू झाली. मिस्त्रींचा हात बटणावर गेला.

"झोपली काय?"

"नाही, अब्बा."

अजान संपली. रस्त्यावरून माणसं लगबगीनं मशिदीकडे चालली होती. कुणीतरी हाकही मारली, "मिस्त्री, चला!" मुली पडद्यावरची पाटी पाहत उभ्या. प्रियंकानं डोळेच मिटले होते. हात बटणावरच होता.

"आता झोपली काय?"

"अजून नाही, अब्बा. तुम्ही... तुम्ही ओढा. वेळ झाला."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या आठ जणींकडे. बटणावरचा हात त्यांनी काढला आणि येऊन माझ्या पेटीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "कच्च्या झोपेत लेकराले कोनी उठवते काय? निजू दे तिले. मी उभा हाय."

ते उभे राहिले. मशिदीतून नमाजचा आवाज येऊ लागला तरी उभे राहिले. माझं शेवटचं काम संपलं, पंखा मंदावला आणि थांबला. मला आठवतो तो फक्त तळवा. बटण ओढल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मिस्त्री सगळ्यात मागच्या सफेत उभे होते, असं इमराननं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना तो नेहमीसारखा थट्टा करत नव्हता. आठही जणींनी परीक्षा दिली, दिवाळी झाली, रब्बीच्या मोटारी आल्या. मिस्त्रींनी त्या इमरानच्या टेबलाखाली, जिन्यात, जिथं जागा मिळेल तिथं रचल्या. पुढची बाजू त्यांनी मागितली नाही, आणि गझालानंही विचारलं नाही.

मित्रांनो, कुणी संथ असेल तर त्याला लगेच डब्यात टाकू नका, त्याची पंगत कुठली ते आधी पाहा. आणि दिवसभर तुमच्यासाठी राबलेल्या कुणाचंही बटण एकदम ओढू नका, मग ते यंत्र असो की माणूस. हातातलं काम त्याला खाली ठेवू द्या.

बघा, गझालानं टाळी वाजवली. माझे हात एकेक करून मोकळे होताहेत. उंबरठ्यावर चपलांचा आवाज आला. आता ते विचारतील, आणि मी उत्तर ऐकायला जागा नसेन.