मेलखालचं नाव

आगरदांड्याच्या जेट्टीवरच्या त्या कंपनीत मेलखालच्या सह्या सांभाळायचं काम सुचिताकडे होतं. मेल कोणीही पाठवला की खाली आपोआप नाव, हुद्दा, मोबाईल नंबर आणि कंपनीचं चिन्ह उमटायचं. कोणाला बढती मिळाली की हुद्दा बदलायचा, कोणी सोडून गेलं की नाव पुसायचं. बिननावाचा एकही मेल बाहेर जाता कामा नये, हा नियमही तिनेच बसवलेला.

फक्त ठेकेदाराच्या माणसांना नाव नाही. त्यांनी राबायचं, मेलही पाठवायचे, पण खाली नावाच्या रकान्यात नुसतं ‘जेट्टी विभाग’. उद्या माणूस मेला तर तो आमचा नव्हताच म्हणायची सोय. हे अर्थात कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

अंबाजी तांबे अकरा वर्षं तिथे बोटींचे दोर बांधत होता. कुठली बोट किती वाजता लागणार, याचा सकाळचा मेलही तोच टाकायचा. एक दिवस तो सुचिताच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“सुचिताताय, माझं पन नाव टाका की खाली.”

“तुम्ही ठेकेदाराचे ना, अंबाजीदादा. चालत नाही.”

“मी दोर धरलेला बोटीला बरा चालतो! आमची पोरगी भक्ती इचारते, बाबा हापिसात हाय तर नाव कुठं हाय?”

सुचिता हसली आणि तिने कोणाला न विचारता नाव टाकलं. अंबाजी तांबे, जेट्टी पर्यवेक्षक. पहिल्या मेलची प्रिंटही काढून दिली. त्याने ती मुरूडला नेऊन प्लास्टिकमध्ये मढवली आणि घरी बुद्धाच्या तसबिरीखाली लावली.

मार्चमध्ये दोर तुटला. तुटलेलं टोक अंबाजीच्या छातीवर बसलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर हेतल मॅडमनी सुचिताला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. “ते नाव आधी काढ. आणि मला मेल टाक की कंपनीने असं नाव कधी दिलंच नव्हतं.”

“पण मॅडम, मीच तर...”

“जूनमध्ये तुला परमनंट व्हायचंय ना?”

सुचिताने नाव पुसलं. मग लिहिलं, ‘सदर नाव कंपनीतर्फे कधीही देण्यात आलेले नाही.’ बटण दाबलं. मेल गेला, आणि त्या खोट्याच्या खाली आपोआप तिचं नाव गेलं. हुद्द्यासकट, नंबरासकट.

पंधरा दिवसांनी अंबाजीची बायको इंदूबाई आली. काखेत तो प्लास्टिकचा कागद.

“ताय, ते कामावर असताना गेले, येवढं लिवून पायजे. तर कंपनी बोलते, हा कागद आमीच मुरूडला बनवला. तूच काढून दिलास ना? येवढं एक बोल.”

काचेपलीकडे हेतल मॅडमनी मान वर केली होती.

“मला आठवत नाही,” सुचिता म्हणाली.

इंदूबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शिव्याशाप द्यायला आली नव्हती.

“व्हय? त्यांना आठवत व्हतं. आल्यागेल्याला कागद दावायचे. बोलायचे, नाव सुचितातायनं दिलं, दुसरं कोन देनार व्हतं?”

तिने पदराने प्लास्टिक पुसलं आणि दिघीच्या बोटीकडे चालू लागली.

अंबाजी गेल्यापासून बोटींचे मेल सुचिताच टाकायची. ‘दिघीची बोट चार वाजता.’ तिने पाठवला. खाली निळ्या अक्षरांत तिचं नाव. तिला ते बघवेना. तिने संगणकावर सह्यांची यादी उघडली, स्वतःचं नाव निवडलं आणि पुसलं. रकाना रिकामा झाला. मग लाल अक्षरं आली, बिननावाचा मेल बाहेर जाणार नाही.

खाली बोटीने भोंगा दिला. सुचिताने आपलं नाव परत टाईप केलं.