दोन हजार चारशे मीटरवरची किटली

भाऊजी फौजेतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण त्यांनी झाडलेली एक गोळी अजून जमिनीवर पडलेली नाही. घरी येईल त्याला ती ऐकावीच लागते. त्या दिवशी आला होता मोजणीदार, लोकांना जमिनीच्या हद्दी मोजून देणारा. माझ्या भाचीचं आणि त्याचं आपापसात ठरलंच होतं, फक्त भाऊजींचा होकार हवा होता. भाचीने त्याला जिन्यातच बजावलं होतं, "बाबांची गोष्ट संपली की मान डोलव. तोंड उघडू नकोस." मीही मनोमन देवाला हात जोडून घेतले.

चहा आला तसे भाऊजी पुढे सरकले.

"समोर शत्रूचं ठाणं. अंतर दोन हजार चारशे मीटर. दाट धुकं, आडवा वारा. त्यांचा आचारी किटलीतून चहा ओततोय. मी श्वास रोखला आणि थाड्! नुसती तोटी उडाली. चहाच नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ठाणं रिकामं!"

कथा रंगात आली की ऐकणाऱ्याने डोलावं, गणित मांडू नये, असं मी आजवर समजत आलोय. मोजणीदाराने मात्र कप खाली ठेवला.

"काका, धुकं होतं तर किटली दिसली कशी?"

"वाफ दिसली."

"धुक्यात वाफ?"

भाचीने टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

"शिवाय गोळीला तिथं पोचायला पाच-सहा सेकंद लागतील. तोवर आचारी कप भरून आत गेला असेल."

"तो सावकाश ओतत होता!" भाऊजी ताडकन उठले. "असल्या शंकेखोराला मी जावई करून घेणार नाही."

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोजणीदारही उठला. मला वाटलं, निघाला. तर हा पिशवीतून टेप काढतोय.

"काका, आमच्या कामात एक रीत आहे. हद्दीचा वाद असला की दोन्ही शेजाऱ्यांना जागेवर उभं करायचं. दोघं हो म्हणतील तिथं खुंटी. चला रस्त्यावर."

फौजी माणूस आव्हानाला नाही म्हणेल होय? ताईने किटली फाटकाच्या खांबावर ठेवली आणि आमची वरात निघाली. शंभर मीटरवरून किटली वाटीएवढी दिसत होती, तीनशेवरून सुपारीएवढी. पाचशेला भाऊजींनी डोळे चोळले.

"दोन हजार," ते म्हणाले.

"पाचशे."

"हजार. आणि वारा सोडून देतो."

"वारा राहू द्या काका, धुकं काढा."

"धुकं काढलं तर आठशे. त्याखाली एक मीटर नाही."

"अहो," ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आपलं लग्न झालं तेव्हा सहाशे होतं. ही झाली तेव्हा बाराशे. तुमचे गुडघे धरल्यापासून दोन हजारांच्या वर गेलंय."

भाऊजी रस्त्याकडेच्या दगडावर टेकले. "सहाशे," ते पुटपुटले.

मोजणीदाराने शंभर मीटर पुढे जाऊन खडूने रेघ मारली, वहीत आकडा लिहिला आणि परत येऊन विचारलं, "आणि तोटी?"

मी मनात म्हटलं, देवा, या लेकराची वाचा पाच मिनिटं काढून घे.

भाऊजींनी किटलीकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "नेम तोटीवर नव्हता. ठाण्याच्या पाटीवर होता. आचारी मधे आला. गोळी तोटीला लागली, बिचारा किटली टाकून पळाला, खरचटलंसुद्धा नाही. देवाची कृपा."

"आणि ठाणं?"

"ठाणं कुठं जातंय! दुपारी त्यांनी दुसरी किटली आणली."

"हे पटलं, काका. सहाशेवरून पाटीचा नेम चुकू शकतो."

"चुकला नाही! आचारी मधे आला!"

"आचारी मधे आला," मोजणीदाराने निमूटपणे लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढे केली.

भाऊजींनी सही केली, पण वही सोडेनात. "चारचौघांत तरी आठशे म्हणायचं."

"सातशे, काका."

भाऊजी भाचीकडे वळले. "पोरी, एवढ्या हट्टी माणसाबरोबर जन्म काढणार तू?"

"हो बाबा."

"मग सातशे," ते म्हणाले आणि टेप गुंडाळत जावयाबरोबर घराकडे चालू लागले.