बंद पट्ट्यावरचा गट

घरात त्याला सगळे उंदीरमामा म्हणायचे. हे नाव बहिणीच्या मुलीनं ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे आईबाबाही तेच वापरू लागले. त्याचं खरं काम ऐकलं की पाहुणे आधी हसायचे, मग जरा सरकून बसायचे. चांगल्या धडधाकट उंदरांच्या मेंदूत सुईनं औषध सोडून त्यांना कंपवात द्यायचा आणि मग व्यायामानं तो कमी होतो का ते बघायचं. "म्हणजे आधी पाय मोडायचा आणि मग कुबड्या वाटायच्या," असं आई एकदा म्हणाली होती. त्यात खोडून काढण्यासारखं त्याला काही सापडलं नाही.

उंदरांचे दोन गट होते. एक गट रोज फिरत्या पट्ट्यावर चालायचा. दुसरा तेवढाच वेळ बंद पट्ट्यावर नुसता उभा राहायचा. पिंजऱ्यातून उचलणं, अनोळखी यंत्रावर ठेवणं हा मनस्ताप दोघांच्या वाट्याला सारखाच आला पाहिजे, फरक फक्त चालण्याचा. शास्त्रात अन्यायही समान वाटावा लागतो.

बाबांना कंपवात झाला तो मात्र कुणी न देता. बाबा म्हणजे निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून त्यांनी दुसऱ्यांचे अपघात टाळले, आणि आता दाराच्या चौकटीत आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. "सिग्नल लागला," असं म्हणून ते हिरवा व्हायची वाट बघत उभे राहायचे. कधी कधी आतला चहा निवून जायचा, तरी हिरवा व्हायचा नाही.

मग मामानं एक जुना चालायचा पट्टा आणून बाहेरच्या खोलीत बसवला. "रोज चाला, बाबा. मेंदूतला हमरस्ता बंद पडला तरी चालण्यानं आजूबाजूच्या गल्ल्या उघडतात. एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे जायला लागतो."

रस्त्याची गोष्ट बाबांना पटली. तेव्हापासून संध्याकाळी तो घरी आला की आई सांगायची, "झाला हो आजचा पट्टा. पूर्ण वेळ." आणि बाबा विचारायचे, "तुझी मंडळी काय म्हणतायत? पैलवान कसा आहे?" सगळ्यात झपाझप चालणाऱ्या उंदराचं बारसं बाबांनीच केलं होतं, न बघता.

पण चौकटीतले सिग्नल लांबतच चालले. तिकडे पैलवानाची चाल सुधारत होती, इकडे बाबांची पावलं रोज आखूड होत होती. म्हणजे एकतर त्याचा प्रयोग खोटा होता, नाहीतर बाबांच्या डोक्यात उघडायला एकही गल्ली उरली नव्हती. दोन्हींतलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

प्रयोग संपला त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. हात धुतले होते, तरी वास जात नव्हता. बाहेरच्या खोलीत बाबा पट्ट्यावर उभे होते, दोन्ही हातांनी दांडी धरून, समोरच्या भिंतीकडे बघत. आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. पट्टा बंद होता.

"लाइट गेलेत?" त्यानं विचारलं.

आईनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "त्यांनाच विचार."

"नाही गेले," बाबा म्हणाले. आजारानं त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की साधं वाक्यही गुपित वाटायचं. "तू आज लवकर?"

"हे असं कधीपासून चाललंय, बाबा?"

"चाललंय कुठे? उभं आहे."

"दुसऱ्याच दिवशी पडले रे," आई म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाले. एवढं यंत्र आणलंय, पोराला वाईट वाटेल."

"आणि तू मला रोज सांगत होतीस की..."

"पट्टा झाला असं सांगत होते. चालले असं कधी म्हणाले?"

"खोटं कुणीच बोललेलं नाही," बाबा म्हणाले. "पूर्ण वेळ उभा असतो मी. तुझ्याकडे असाही एक गट आहे, तूच म्हणालास. मला वाटलं, तोही मान्यताप्राप्त असेल."

"तो तुलनेसाठी असतो, बाबा. त्यांचं भलं होत नाही."

"आणि चालणाऱ्यांचं?"

त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मेंदूतल्या जोडण्या बघायच्या तर मेंदूचे पातळ काप काढावे लागतात. आज सगळे संपवले."

"चालणारेसुद्धा?"

"चालणारेसुद्धा."

"पैलवान?"

"पैलवान पहिला."

बाबांनी समोरच्या भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मग उभं राहून मी तुझं काय घोडं मारलं?"

"त्यांच्या कापांमध्ये गल्ल्या उघडलेल्या दिसतील. बहुतेक," तो म्हणाला.

"आणि माझ्या उघडल्या का, ते तुला कधी दिसणार?"

आईचे हात थांबले.

"माणसांसाठी वेगळं यंत्र असतं. कापत नाहीत. फक्त त्यात अजिबात न हलता पडून राहावं लागतं."

बाबांनी दांडीवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. हातानं त्याच्या परीनं उत्तर दिलं.

"म्हणजे नाहीच दिसणार," बाबा म्हणाले.

"नाही. तरी चाला."

"पडलो तर?"

"मी मागे आहे."

त्यानं सगळ्यात कमी वेगाचं बटण दाबलं. पट्टा सरकू लागला आणि बाबांचे चिकटलेले पाय पट्ट्याबरोबर मागे येऊ लागले. दांडी धरलेले हात ताणले गेले, पाठ वाकली. आई उठून उभी राहिली. मामानं बाबांच्या कमरेखाली दोन बोटं टेकवली आणि हलकेच ढोसलं. पाय उचलला गेला. मग दुसरा.

"हे कुठे शिकलास?" बाबांनी पुढे बघतच विचारलं.

तेव्हा कुठे ते त्याच्या लक्षात आलं. "तिकडेच. थांबलेल्याला मागून असं लावतात."

"बोटांनी?"

"नाही. मऊ ब्रशनं."

"मग ब्रश आण. तुझी बोटं टोचतात."

आई आत गेली आणि बाबांचा दाढीचा ब्रश घेऊन आली. हात थरथरायला लागल्यापासून तो कुणी हातात घेतला नव्हता. मामानं तो घेतला आणि खाली वाकला. पाऊल अडखळलं की ब्रश लावायचा, की ते उचललं जायचं. आत काय उघडत होतं, काय मिटत होतं, बाहेरून काहीच कळत नव्हतं.

"थांबलो की लगेच लाव," बाबा म्हणाले. "विचार करत बसू नकोस."