अंगठा बटणावर

परवाना मिळून महिना झाला, तरी हौशी रेडिओवर मी एक शब्दही बोलले नव्हते. ओमानमधल्या सूर गावच्या शाळेत मी मुलांना रेडिओलहरी शिकवते. पण माइक हातात आला की मी तो तसाच परत ठेवून द्यायचे. आज जमलं नाही, तर उसना संच रेडिओ क्लबला परत करायचा, असं ठरवून क्लबच्या खोलीत आले होते.

"बोल ना, शम्सा," कॉफी ओतत क्लब सांभाळणारे खलफानकाका म्हणाले. "चावत नाही कुणी."

मी उठले, बसले, पुन्हा उठले. माइक मुठीत आवळून म्हटलं, "काका, रेडिओवरच्या त्या मस्कतच्या म्हाताऱ्यांना दुसरं काम काय? चुकले की हसत बसतील. मला नाही जमायचं!"

काका संचावरच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. दिवा लागला होता, म्हणजे माझा आवाज बाहेर जात होता. मी अंगठा माइकच्या बटणावरून झटकन काढला.

थोडी खरखर झाली. मग मस्कतहून कुणीतरी म्हणालं, "म्हातारे आहोत, पोरी, आणि काम नाही हेही खरं. पण आवाज लख्ख येतोय तुझा. आता कॉल साइन सांग बघू!"

मी बटण पुन्हा दाबलं, या वेळी मुद्दाम, आणि परवान्यासोबत मिळालेली माझी ओळखीची अक्षरं एकेक करून सांगितली. काकांनी माझी गार झालेली कॉफी ओतून टाकली आणि पेला नव्याने भरला.